विद्यार्थ्यांवर डोईपट्टी कशासाठी?

घरपट्टी घरावर बसते, पाणीपट्टी नळावर बसते, हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण एखादी मुलगी महाविद्यालयात शिकते, केवळ एवढ्याच कारणासाठी नगरपालिकेने तिच्या नावाने बिल काढावे, असे कोणी म्हटले तर आपल्याकडे लोक हसतील. अमेरिकेत मात्र एका महापौराने हे गंभीरपणे मांडले होते. वर्ष 2009. शहर प्रॉव्हिडन्स, म्हणजे ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याची राजधानी. महापौर डेव्हिड सिसिलिनी. शहरातल्या चार खाजगी उच्चशिक्षण संस्थांत पूर्णवेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दर सत्राला 150 डॉलर घ्यावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. वर्षात सत्रे दोन, म्हणजे 300 डॉलर. त्या वेळी डॉलरला साधारण 48 ते 50 रुपये पडत. आपल्या हिशेबात वर्षाला चौदा-पंधरा हजार रुपये झाले.

त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागत होती. विधेयक मांडले गेले, विद्यार्थ्यांनी आणि संस्थांनी कडाडून विरोध केला आणि ते मंजूर झाले नाही. मग झालेगेले आज का उकरून काढायचे, असे वाचक विचारतील. आम्ही ते काढतो याला कारण आहे. आज आपल्या वस्त्यांतून, तालुक्याच्या गावांतून मुले-मुली परदेशी शिकायला निघाली आहेत. कोणी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातो, कोणी बँकेचे कर्ज काढून, तर कोणी आईच्या गळ्यातले विकून. त्यांच्यापैकी बरीचशी जातात ती खाजगी विद्यापीठांतच. तिथल्या नगरपालिकांच्या तिजोऱ्या अधूनमधून रिकाम्या होतात, आणि तिजोरी रिकामी झाली की डोळा कोणावर जातो हे 2009 साली दिसून आले. म्हणून हा प्रस्ताव काय होता आणि तो का चूक होता, हे आपल्याला नीट कळले पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'खाजगी महाविद्यालय' म्हटले की आपल्यापुढे देणगी घेणारा संस्थाचालक उभा राहतो. 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पीक आले, 1987 साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला, तो सगळा इतिहास आठवतो. प्रॉव्हिडन्समधल्या या चार संस्था त्या जातीच्या नाहीत. त्या खाजगी आहेत, पण नफा वाटून घेणारा मालक त्यांना नाही. ब्राउन विद्यापीठ 1764 चे. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही कलाशाळा 1877 साली तिथल्या स्त्रियांच्या एका समितीने काढली. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी जमवलेल्या निधीतून 1675 डॉलर उरले होते, त्या पैशांचे काय करावे या चर्चेतून ती उभी राहिली. (हळदीकुंकवाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचे काय करायचे यावर आठवडाभर भांडणाऱ्या मंडळांनी याची नोंद घ्यावी.) प्रॉव्हिडन्स कॉलेज 1917 चे, कॅथलिक धर्मसंघाचे. आणि जॉन्सन अँड वेल्स 1914 चे. गर्ट्रूड जॉन्सन आणि मेरी वेल्स या दोन शिक्षिकांनी काढलेली ती व्यवसायशिक्षणाची शाळा होती. आज तिथे स्वयंपाकशास्त्र, हॉटेल व्यवस्थापन असे हाताला काम देणारे विषय शिकवले जातात. म्हणजे या चौघांत शिकणारे सगळेच काही लक्षाधीशांचे लाडके नव्हेत.

महापौरांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. अमेरिकेतल्या शहरांचे मोठे उत्पन्न घरपट्टीतून येते. शिक्षणसंस्था, चर्च, धर्मादाय रुग्णालये यांच्या इमारतींना ही पट्टी माफ असते. ब्राउनला तर ती तिच्या मूळ सनदेपासूनच माफ आहे. त्यात हे शहर राजधानीचे, म्हणजे सरकारी कचेऱ्याही करमुक्त. शहराच्या मध्यावरच्या, टेकडीवरच्या मोक्याच्या जमिनी अशा संस्थांच्या हाती, आणि रस्ता झाडायचा, बर्फ काढायचा, आग विझवायची, पोलीस पाठवायचे ते मात्र नगरपालिकेने. 2009 साली मंदीने त्या राज्याचे कंबरडे मोडले होते. बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती. शहराच्या अंदाजपत्रकात 1 कोटी 70 लाख डॉलरची तूट दिसत होती. चार संस्थांत मिळून विद्यार्थी पंचवीस हजारांच्या आसपास. त्यांच्याकडून वर्षाला 60 ते 80 लाख डॉलर मिळतील, असा हिशेब होता. ब्राउनची नुसती शिकवणी फी त्या वर्षी 38 हजार डॉलरच्या घरात होती. तिच्यापुढे 300 डॉलर म्हणजे दर्यामें खसखस, असेही सांगण्यात येई. गंमत अशी की महापौर स्वतः ब्राउनचेच पदवीधर.

शहराची अडचण खरी होती, हे आम्ही मान्य करतो. पण अडचण खरी असली म्हणून उपाय खरा ठरत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा तो प्रकार होता. घरपट्टी कोणाला माफ? संस्थेला. जमीन कोणाच्या नावावर? संस्थेच्या. ठेवी कोणाच्या? संस्थेच्या, एकट्या ब्राउनच्या तेव्हा दोन अब्ज डॉलरच्या आसपास होत्या. आणि बिल कोणाच्या हातात? ज्याच्या नावावर त्या शहरात एक वीटही नाही, अशा एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या.

आता त्या वेळचे एक गणित पाहू. चारही संस्था त्या काळी नगरपालिकेला काहीच देत नव्हत्या असे नाही. 2003 साली त्यांनी करार केला होता की वीस वर्षांत मिळून सुमारे पाच कोटी डॉलर स्वखुशीने देऊ. सरासरी काढा, वर्षाला 25 लाख डॉलर येतात. शिवाय राज्य सरकार अशा करमुक्त मिळकतींपोटी नगरपालिकेला बुडालेल्या कराच्या 27 टक्क्यांपर्यंत भरपाई देते. म्हणजे चार धनवान संस्था मिळून सरासरी 25 लाख देणार, आणि त्यांची मुले मिळून 60 ते 80 लाख देणार! घरमालकाने भाडेकरूंच्या पोरांकडून घरपट्टी गोळा करावी, तीही स्वतःच्या वाट्याच्या दुपटी-तिपटीने, यातलाच हा न्याय. नगरपालिका या चार दारांवर जोर लावू शकत नव्हती, कारण कायदा आड येत होता. विद्यार्थ्याच्या पाठीशी असा कायदा नव्हता. त्यातले बरेचसे दुसऱ्या राज्यांतून, दुसऱ्या देशांतून आलेले. त्या शहरात त्यांचे मत नाही, चार वर्षांनी ते निघून जाणार. ज्याचे मत नाही त्याच्यावर कर बसवणे राजकारण्याला नेहमीच सोयीचे असते.

विद्यार्थी शहराला काही देत नव्हते, हेही खरे नव्हते. जो विद्यार्थी वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहतो, तो भाडे देतो. घरमालक घरपट्टी भरतो ती त्या भाड्यातूनच भरतो. ऱ्होड आयलंडमध्ये विक्रीकर सात टक्के आहे. खानावळीत बसून जेवले तर त्यावर आणखी एक टक्का लागतो आणि तो एक टक्का ज्या गावात जेवला त्या गावाच्या तिजोरीत जातो. म्हणजे परीक्षेच्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात तयार सँडविच खाणारे पोर प्रत्येक घासागणिक शहराला काही ना काही देतच होते. त्याच्यामागे खोल्या चालतात, खानावळी चालतात, धुलाईची दुकाने चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी घरी गेले की अशा गावांतल्या दुकानदारांचे चेहरे कसे उतरतात, हे विद्यापीठाच्या गावात राहिलेल्या कोणालाही माहीत असते. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या विद्यापीठ परिसरातल्या मेसवाल्या बायांना विचारा, त्या मे महिन्याचा हिशेब तोंडपाठ सांगतील.

आणखी एक. त्याच शहरात सरकारी महाविद्यालयांतही मुले शिकत होती. तीही त्याच रस्त्याने चालत, त्याच पोलिसांना हाक मारत. त्यांच्यावर ही पट्टी नव्हती, आणि नसावीच. पण मग 'शहराच्या सेवा वापरता म्हणून पैसे द्या' या म्हणण्याचे काय उरते? सेवेचा मोबदला असता तर तो वापरणाऱ्या सर्वांवर बसला असता. कॉलेज खाजगी, म्हणजे पोराच्या बापाचा खिसा जड, एवढा एक अंदाज त्यामागे होता.

तो अंदाज चुकीचा होता, हे सांगायला ब्राउनचेच उदाहरण पुरे आहे. त्या वेळी त्या विद्यापीठाच्या अध्यक्षा होत्या रूथ सिमन्स. टेक्ससमध्ये दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात 1945 साली त्या जन्मल्या. बारा भावंडांत सर्वांत धाकट्या. शिष्यवृत्तीवर शिकल्या आणि 2001 साली ब्राउनच्या अध्यक्षा झाल्या. अमेरिकेतल्या 'आयव्ही लीग' म्हणवणाऱ्या आठ जुन्या खाजगी विद्यापीठांत त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यांच्याच कारकिर्दीत अमेरिकन मुलांना प्रवेश देताना त्यांच्या आईबापांची ऐपत पाहायची नाही, असे धोरण तिथे आले. म्हणजे संस्थेच्या दारातून गरिबाचे पोर आत यावे म्हणून एकीकडे धडपड चालली होती आणि दुसरीकडे नगरपालिका त्याच दारात डोकी मोजायला बसणार होती. कोट्यधीशाच्या मुलाला 300 डॉलर आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलालाही 300 डॉलर. ही डोईपट्टी झाली. डोकी मोजून कर घेणे ही करवसुलीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत आंधळी रीत.

आपल्याकडून गेलेल्या मुलांच्या बाजूने पाहू. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला सत्र चालू असताना संस्थेच्या आवारातच आणि आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते. ग्रंथालयात पुस्तके लावायची, भोजनगृहात ताटे उचलायची, असली कामे. 2009 साली ऱ्होड आयलंडमध्ये किमान वेतन तासाला 7 डॉलर 40 सेंट होते. 300 डॉलर मिळवायला या दराने चाळीस तास लागतात. म्हणजे पूर्ण दोन आठवड्यांची मजुरी एका पट्टीत जाते. लक्षाधीशाच्या घरी हा एका संध्याकाळच्या जेवणाचा खर्च. आपल्या मुलाला मात्र त्यासाठी पंधरा दिवस ताटे उचलावी लागतील. शिष्यवृत्तीधारकाची आणखी अडचण असते. त्याचे पैसे ठरलेल्या बाबींसाठी, ठरलेल्या हप्त्यांनी येतात. मध्येच कोण्या महापालिकेने नवी बाब काढली, तर त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पत्रव्यवहार, आणि तोवर उसनवारी. हप्ता उशिरा आला तर परदेशात मूल कसे दिवस काढते, हे ज्या घरांनी सोसले आहे त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

ब्राउनशी आपला आणखी एक धागा आहे. डिसेंबर 2022 मध्ये या विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द स्पष्टपणे घातला. त्या आठ जुन्या विद्यापीठांत हे करणारे ते पहिले. आपल्या मुलांना तिथे वर्गात, वसतिगृहात आता नियमाचा आधार आहे. अशा जागी पोहोचण्याची वाट सोपी व्हावी की महाग?

बाबासाहेबांचा अभ्यासविषय

कर कोणावर असावा हा प्रश्न आपल्या लोकांना परका वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबियाही खाजगीच. आणि तिथे त्यांनी अभ्यासला तो सार्वजनिक वित्ताचा, म्हणजे सरकार पैसा कुठून घेते आणि कुठे खर्च करते याचाच विषय. एम. ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. डॉक्टरेटचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावर. त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिगमन हे करशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव. प्राप्तिकरावर, चढत्या दराच्या करावर त्यांचे ग्रंथ आहेत आणि बाबासाहेबांच्या 1925 साली निघालेल्या ग्रंथाला प्रस्तावनाही त्यांचीच आहे. ज्याची जेवढी ऐपत, त्याच्यावर तेवढा भार, हा विचार त्या वर्गात चर्चिला जात होता.

बाबासाहेबांनी तो विचार वर्गातच ठेवला नाही. 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर देणाऱ्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली गेले तर त्याला कर माफ, पण शेतकऱ्याला पीक आले काय नि बुडाले काय, एकर असो की शंभर एकर, सारा त्याच दराने. हा कसला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की कला महाविद्यालयांच्या खर्चातला 36 टक्क्यांच्या आसपास भाग विद्यार्थ्यांच्या फीमधूनच उभा राहतो. याला त्यांनी शिक्षणाचा बाजार म्हटले. शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे, निदान खालच्या वर्गांसाठी, हे त्यांचे म्हणणे होते. प्रॉव्हिडन्सची डोईपट्टी या दोन्ही कसोट्यांवर लावून पाहा. ती ऐपत पाहत नव्हती आणि शिक्षण महाग करत होती.

आपल्या घरपट्टीच्या बिलावर 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते, ती कधी नजरेखालून गेली असेल. 1962 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती आली. इमारत ज्याची, त्याच्याकडून कर घेऊन शिक्षणाला लावायचा, असा तो मार्ग. व्यवसाय कर कमावणाऱ्याला लागतो, आणि राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने त्यालाही वर्षाला 2500 रुपयांचे कुंपण घातले आहे. आपल्या करव्यवस्थेत शंभर खोटी आहेत, पण शिकणाऱ्याकडून घेऊन शहराची तूट भरण्याची उलटी गंगा निदान या दोन ठिकाणी वाहत नाही.

पेन्शनचा पेच

त्याच वर्षी, नोव्हेंबर 2009 मध्ये, पेन्सिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग शहराच्या महापौरांनीही असाच घाट घातला. ल्यूक रेव्हनस्टाल हे तिशीच्या आतले तरुण महापौर. त्यांनी शिकवणी फीवर एक टक्का कर सुचवला आणि नाव ठेवले 'रास्त वाटा कर'. (नाव ठेवण्यात राजकारणी कुठल्याही देशातले असोत, हुशारच.) त्यातून वर्षाला 1 कोटी 60 लाख डॉलरच्या आसपास मिळणार होते, आणि ते जाणार होते निवृत्त नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीत. कार्नेगी मेलन या महागड्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण 400 डॉलर पडणार होते. गरिबांची मुले जिथे शिकतात त्या सामुदायिक महाविद्यालयातल्या मुलालाही त्यातून सुटका नव्हती.

हा मुद्दा आमच्या वाचकांना चटका लावणारा आहे. आपल्यातल्या किती घरांची चूल नगरपालिकेच्या पगारावर आणि पेन्शनवर पेटली, हे काय सांगायला हवे? बापाने पहाटे चारला झाडू हातात घेतला म्हणून मुलगा मॅट्रिक झाला, अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. सफाई कामगाराची, आगीच्या बंबावरच्या माणसाची पेन्शन हा उपकार नव्हे, तो त्याचा राखून ठेवलेला पगार आहे. तिला हात लावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु बापाची पेन्शन आणि पोराचे शिक्षण यांची झुंज लावून देणे, ही लबाडी आहे. पेन्शन निधीत खड्डा पडला तो विद्यार्थ्यांनी पाडला नव्हता. वर्षानुवर्षे नगरपित्यांनी निधीत भरायची रक्कम भरली नाही, त्यातून तो पडला.

पिट्सबर्गमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, नगरसभेत मतदान लांबणीवर पडले. अखेर डिसेंबर 2009 मध्ये महापौरांनी प्रस्ताव मागे घेतला, कारण पिट्सबर्ग विद्यापीठ, कार्नेगी मेलन आणि हायमार्क ही आरोग्यविमा कंपनी यांनी शहराला स्वतः हातभार लावण्याचे कबूल केले. म्हणजे ज्यांच्याकडे मागायला हवे होते, तेच शेवटी पुढे आले. काहींचे म्हणणे असे की विद्यार्थ्यांवरचा कर हा संस्थांचे हात पिरगाळण्याचा डावच होता. असेलही. पण हात पिरगाळायचा संस्थेचा आणि कळ यायची पोराला, हा डाव आम्हाला तरी पटत नाही.

प्रॉव्हिडन्सच्या बाबतीत पुढचा इतिहासच या पट्टीचा फोलपणा दाखवतो. 2011 साली नवे महापौर एंजल टाव्हेरास आले, तेव्हा पुढच्या वर्षाची तूट 11 कोटी डॉलर आहे असे उघड झाले. पूर्वीच्या कारभाऱ्यांनी कित्येक निवृत्तांची पेन्शन दरवर्षी पाच-सहा टक्के चक्रवाढीने वाढवण्याचे कबूल करून ठेवले होते, आणि त्यासाठी पैसा बाजूला काढला नव्हता. या खड्ड्यात विद्यार्थ्यांचे 70 लाख पडले असते तर तळाशी गेल्याचा आवाजही आला नसता. शहराला शेवटी निवृत्तांशी बसून बोलावे लागले, आणि 2012 साली ब्राउननेही अकरा वर्षांत 3 कोटी 15 लाख डॉलर जादा द्यायचे मान्य केले. बदल्यात विद्यापीठाने आपल्या आवारालगतच्या रस्त्यांचे काही तुकडे आणि गाड्या उभ्या करायच्या जागा पदरात पाडून घेतल्या. संस्था श्रीमंत झाली तरी सौदा करायचे विसरत नाही.

पुढे सप्टेंबर 2023 मध्ये चारही संस्थांशी नवा करार झाला. वीस वर्षांत 22 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक, त्यात एकट्या ब्राउनचे 17 कोटी 40 लाख. सरासरीने पाहिले तर वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर. 2009 साली पंचवीस हजार विद्यार्थ्यांची डोकी मोजून जेवढे मिळवायचा बेत होता, त्याहून अधिक रक्कम चार संस्थांच्या तिजोरीतून, एकाही विद्यार्थ्याच्या नावाने वेगळे बिल न काढता, कागदावर आली. संस्था हा बोजा पुढे फीवाढीतून मुलांवरच टाकतील, असा आक्षेप कोणी घेईल. तो धोका आहे. तथापि फी वाढली तर संस्थेला आपली मदतीची रक्कमही वाढवावी लागते, गरिबाला सूट देता येते, देणगीदाराकडे हात पसरता येतो. नगरपालिकेच्या सपाट पट्टीत यातले काहीच करता येत नाही.

या कराराने सगळे समाधानी झाले असेही नाही. ब्राउनसारख्या श्रीमंत विद्यापीठाने याहून जास्त द्यायला हवे, आणि करारात विद्यापीठाला काही रकमेची वजावट मिळवण्याच्या वाटा ठेवल्या आहेत, अशी टीका तिथल्या रहिवाशांनी केली. आम्हाला ती टीका रास्त वाटते. संस्थांवर खरी घरपट्टी बसवायची की नाही, हा तिथल्या विधिमंडळाचा प्रश्न आहे आणि त्यावर तिथल्या लोकांनी भांडावे. बोस्टन शहराने 2011 पासून वेगळी तऱ्हा सुरू केली. दीड कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मिळकती असलेल्या करमुक्त संस्थांनी, कर लागला असता त्याच्या पंचवीस टक्के स्वखुशीने द्यावे, आणि त्यातला अर्धा भाग लोकोपयोगी कामांच्या रूपाने दाखवता यावा, असा तो दंडक आहे. सक्ती नाही, म्हणून सगळ्या संस्था पूर्ण देत नाहीत. पण निदान तिथे मोजली जाते ती मिळकत, विद्यार्थ्याचे डोके नव्हे.

मुलांना बाहेर पाठवणाऱ्या आई-बापांसाठी दोन गोष्टी. प्रवेश मिळाल्यावर अमेरिकन संस्था 'आय-20' नावाचा कागद पाठवते. त्यात शिकवणी, राहणे-जेवण आणि इतर खर्च यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. व्हिसा आणि कर्ज दोन्ही त्याच कागदावर उभे राहतात, म्हणून 'इतर' या ओळीत काय काय धरले आहे ते संस्थेला पत्र लिहून विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरे असे की त्या संस्थांत विद्यार्थी संघटना असतात आणि परदेशी विद्यार्थ्यालाही त्यात बोलता येते. 2009 साली प्रॉव्हिडन्सच्या विधिमंडळापुढे विद्यार्थी आपली बाजू घेऊन गेले होते. आपली मुले तिथे शेवटच्या बाकावर गप्प बसतात, घरून आपणच बजावून पाठवलेले असते की परक्या देशात कशात पडू नकोस. फीच्या आणि कराच्या बाबतीत तरी हे बजावणे आता मागे घ्यावे.